दाजी खंयचो?

पंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती आणि परतीचा पाऊस असा कोसळत होता की अंगणापलीकडचा माड दिसेना. अशा पावसात आमच्या वाडीतले दाजी रस्त्याने चालले होते. सदरा अंगाला चिकटलेला, चष्म्यावरून धारा, आणि काखेत एक कोरी करकरीत छत्री. मिटलेली.

मी पडवीतून ओरडले, "अहो दाजी, छत्री उघडा मगे! भिजतास काय असे?"

"उघडूक येवची नाय, वयनी," दाजी तिथूनच ओरडले. "माझी नाय ती!"

झालं होतं असं, की आदल्या दिवशी एका उमेदवाराची माणसं घराघरांत छत्र्या वाटून गेली होती. आम्हालाही मिळाली. आमच्या ह्यांनी ती लगेच उघडून, दांडा हलवून, बरी आहे म्हणून खुंटीला लावली. दाजी तेव्हा घरी नव्हते. संध्याकाळी पडवीत छत्री बघितली तेव्हापासून त्यांना चैन पडेना, आणि सकाळी पाऊस थांबायचीही वाट न बघता ते ती परत करायला निघाले. उघडली असती तर वापरल्यासारखं झालं असतं. उमेदवार म्हणाला, "दाजीनु, ठेवा हो, पावसापाण्याची." दाजी म्हणाले, "माका भिजाक परवडता." आणि तसेच भिजत परत आले. मग आठवडाभर शिंकत होते.

हे ऐकून दुसरा उमेदवार खूश झाला. दाजी आपला माणूस, असं धरून त्याने स्टीलच्या डब्यांचा संच पाठवला. दाजींनी तोही परत केला, आतली कागदाची गुंडाळी न सोडता.

आमच्याकडे 'खंयचो' हा शब्द फार चालतो. नवा माणूस भेटला की पहिलं हेच, "खंयचो रे तू?" म्हणजे कुठल्या गावचा, कुठल्या वाडीचा, कुणापैकी. हल्ली त्यात आणखी एक अर्थ शिरला आहे, कुठल्या पक्षाचा. गावात प्रत्येकाचं खंयचो ठरलेलं आहे. काहींचं दर निवडणुकीला नव्याने ठरतं, पण ठरतं. एका दाजींचं तेवढं कुणाला उमगत नाही. म्हणून त्यांचं नावच पडलं, दाजी खंयचो. तोंडावर कुणी विचारलं तर ते सांगतात, "आचऱ्याच्या वाटेवरचो." घर तिथे आहे, म्हणून.

आता तुम्हीच सांगा, असा माणूस गावात असला की झोप लागते का? ह्या पक्षाला वाटतं तो त्यांचा, त्या पक्षाला वाटतं तो ह्यांचा, आणि दोन्हीकडची माणसं त्याला बघून आवाज खाली करतात. मला स्वतःला राजकारण फार कळत नाही. सातवीनंतर माझं शिक्षण झालं ते पुडीच्या कागदांवर आणि आमच्या ह्यांच्या पेपरात. पण एवढं कळतं, की ज्या माणसाला काहीच नको असतं त्याच्यावर जरा लक्ष ठेवावं.

दाजींचं सगळं राजकारण दोन प्रश्नांत मावतं. पहिला प्रश्न, "पैसो कोणाचो?" दुसरा प्रश्न, "तुझा काय जाता?" कुणी खर्चाची गोष्ट काढली की पहिला. कुणी दुसऱ्याच्या घरातली गोष्ट काढली की दुसरा. मुंबईला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली, आणि पहिला प्रश्न तिथून आला असावा. दुसरा कुठून आला ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

सरपंचांनी गावच्या वेशीवर कमान बांधायची काढली. सिमेंटची, वर दोन सिंह, मध्ये गावाचं नाव, रात्रीचे दिवे. आमचा सरपंच, त्याला सगळे भाई म्हणतात, तसा पोरगा वाईट नाही. पण त्याला काहीतरी बांधल्याशिवाय करमत नाही. दाजी उभे राहिले.

"पैसो कोणाचो?"

"शासनाचो," भाई म्हणाला.

"शासन खंय भात लायता? खंय नांगरता?"

"अहो दाजी, निधी येता वरसून."

"वरसून पाऊस येता. पैसो खालसून वर जाता आणि वाटेत भिजान परत येता. कमान नसली तर गावात येणाऱ्याक गाव गावाचो नाय काय?"

लोक हसले, कमान बांधायची राहिली. भाईच्या बाजूचे म्हणाले, बघा, हा विकासाचा शत्रू, हा त्यांचा. 'ते' खूश होऊन दाजींकडे गेले, त्यांनी आपल्या सभेला व्यासपीठावर बसायचं आमंत्रण दिलं. दाजींनी विचारलं, "मांडवाचो पैसो कोणाचो?" ते उठून गेले.

एवढ्यावरून तुम्हाला वाटेल, जुन्या वळणाचा, हाताचा घट्ट, रीतिरिवाजवाला म्हातारा असेल. मलाही तसंच वाटायचं. पण आमच्या वाडीत एक पोर आहे, दशावतारात बायकी कामं करतो. सुंदर करतो. हल्ली तो घरीसुद्धा नाकात चमकी घालून फिरायला लागला. झालं, पारावर विषय. आमचे हे त्यात पुढे. दाजी तिथून चालले होते, थांबले. "चमकी तेच्या नाकात आसा," म्हणाले. "तुमचा नाक कित्याक वाकडा?" आणि निघून गेले. आमचे हे घरी येऊन आरशात नाक बघत होते.

पुण्याहून कुणाची मुलगी अर्ध्या चड्डीत आली, तुझा काय जाता. कुणी कुणाच्या जातीत लग्न केलं, तुझा काय जाता. कुणी श्रावणात मासे खाल्ले, "काटो तेच्या घशात अडाकतलो, तुझ्या नाय." तिजोरीला कुलूप आणि दाराला कडी नाही, असा हा माणूस. पेपरात मी जे पक्ष वाचते त्यांतला कुठलाच असा नाही. जे खिसा सांभाळा म्हणतात ते सुनांवरही पहारा ठेवायला सांगतात, आणि जे माणसाला मोकळं सोडा म्हणतात ते तिजोरीही मोकळी सोडतात. मी एकदा दाजींना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "वयनी, सरकारचो आणि गावाचो हात दोन ठिकाणी नको. एक माझ्या खिशात, दुसरो माझ्या घरात. बाकी खंयव फिरांदे."

ऐकायला बरं वाटलं, पण मी मनात म्हटलं, घरात हात नको म्हणतोय, म्हणजे घरात काहीतरी आहे.

घरात होती त्यांची सून, शुभा. माहेर धामापूरचं. दाजींचा एकुलता मुलगा गणेश हायवेवर अपघातात गेला, त्याला काही वर्षं झाली. मूलबाळ नाही. बायको तर दाजींची आधीच गेलेली. त्या घरात सासरा आणि सून, दोघंच. गणेश गेला तेव्हा बायका शुभाचं कुंकू पुसायला बसल्या, तर दाजी मधे उभे राहिले. "कपाळ कोणाचा?" म्हणाले. तेव्हा आम्हाला वाटलं, दुःखाने डोकं फिरलंय.

माझ्या हळदीकुंकवाला शुभाला बोलवायचं की नाही ह्यावर बायकांत कुजबुज चालली होती. दाजी मुद्दाम घरी आले. "वयनी, शुभाक बोलवा. सगळ्यांकाच बोलवा." मी म्हटलं, "बोलवतंय. पण वाण कमी पडतला, आणखी आणूक व्हया." तर म्हणाले, "वाण कित्याक? बोलवा सगळ्यांका आणि वाण देव नकात कोणाकच!" असा त्यांचा उपाय.

दाजींचे दोन प्रश्न एकमेकांवर आपटलेले मी एकदाच बघितले. सरकारने बायकांना महिन्याला पैसे द्यायला सुरुवात केली तेव्हा. दाजी पेपर हातात घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत होते, पैसो कोणाचो, पैसो कोणाचो. आणि शुभा अर्ज भरून आली. मी मुद्दाम विचारलं, "काय दाजी, सुनेक थांबवलात नाय?" तोंड कडू झालं होतं त्यांचं. "तिचा नाव, तिचा खाता," म्हणाले. "माझा काय जाता?" आणि पेपराची घडी घातली.

आता मुद्द्यावर येते.

दिवाळी झाली आणि दाजी तिन्हीसांजेला आमच्याकडे येऊन बसायला लागले. आत नाही, अंगणाच्या गडग्यावर, म्हणजे त्या चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीवर. हातात बॅटरी. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. चहा दिला तर नको. सुपारी दिली तर नको. बसायचे, जगातल्या सगळ्या खर्चांवर बोलायचे, आणि अंधार चांगला पडला की बॅटरी लावून जायचे.

आमचे हे आधीपासूनच संशयी. दुसऱ्याच आठवड्यात मला म्हणाले, "गो, ह्यो हंय कित्याक येता? चाय पिणा नाय, पान खाणा नाय. माणूस असो कोणाकडे येता काय?"

"बसाक येतत. एकटे असतत."

"एकटो कसलो? घरात सून आसा." मग आवाज उतरवून, "आपल्या माडाचे नारळ कमी झाले हत."

नारळ खरंच कमी होत होते. खाली पडलेले सकाळी दिसायचे नाहीत. ह्यांनी दोन आणि दोन चार केले. दाजी बॅटरी घेऊन येतात, अंधारात जातात, आणि नारळ जातात. मी म्हटलं, "ज्या माणसान छत्री उघडली नाय, तो नारळ चोरतलो?" तर म्हणाले, "तसोच माणूस चोरता. तेच्यार संशय येवचो नाय म्हणान तर छत्री परत केल्यान."

मला नारळांचं पटलं नाही, पण माझा संशय निराळाच होता. ऐन तिन्हीसांजेला एक विधुर माणूस दुसऱ्याच्या गडग्यावर येऊन बसतो आणि घरातल्या बाईशी तास तास बोलतो, तेही खर्चावर. सत्तरीला आलेली मी, पण आरशात जरा बघितलं खरं. पदर नीट करून बसायला लागले. म्हटलं, काय सांगावं, सगळ्यांना मोकळीक द्या म्हणणारा माणूस.

गावातही नारळ जातच होते, आणि काजूही. भाईने संधी साधली. त्याने कॅमेऱ्यांची टूम काढली. वाडीत खांबांवर कॅमेरे बसवायचे, चोर सापडेल. पडदा कुठे, तर त्याच्या भावाच्या किराणा दुकानात, कारण तिथे वीज जात नाही. म्हणजे साखर घ्यायला गेलेल्या प्रत्येकाला सगळी वाडी फुकट बघायला मिळणार. आणि पहिला कॅमेरा कुठल्या खांबावर? दाजींच्या बेड्यासमोरच्या. बेडं म्हणजे अंगणाचं फाटक. तो कॅमेरा फिरला की थेट त्यांची पडवी.

ह्यांनी त्या संध्याकाळी गडग्यावर बसलेल्या दाजींना मुद्दाम सांगितलं, "दाज्या, कॅमेरो येता हां. चोर गावतलो आता."

मी दाजींच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता येणार, पैसो कोणाचो. नाही आलं. दाजींनी बॅटरी उगाच लावली, विझवली. त्या दिवशी ते पाय ओढत गेले. हे माझ्याकडे बघून हसले, म्हणाले, "बघलंस?"

मग मलाही राहवेना. दुसऱ्या खेपेला दाजी गडग्यावर बसले, हे त्यांच्यावर नजर ठेवून समोर बसले, आणि मी वाटीभर खतखतं, म्हणजे आमच्याकडची मिसळभाजी, घेऊन मागच्या वाटेने दाजींच्या घराकडे निघाले. शुभाला देऊन यावं आणि जरा बघावं, असा विचार. बेड्यापाशी पोचले आणि थांबले.

पडवीच्या पायरीवर एक पुरुष उकिडवा बसून पेडवे साफ करत होता. मी ओळखलं त्याला. इनास. वेंगुर्ल्याचा ख्रिस्ती मुलगा, होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, आचऱ्याला येऊन जाऊन असतो. आणि शुभा वरच्या पायरीवर गालाला हात लावून बसली होती आणि त्याला शिकवत होती. "अरे, पोट फाडतंस काय इंजिन उघडतंस?" आणि हसत होती. गणेश गेल्यापासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. आमच्या ह्यांनी तर जन्मात मासा साफ केलेला नाही, म्हणून मी जरा जास्तच वेळ उभी राहिले. मग वाटी तशीच घेऊन परत फिरले.

तिकडे हा बिचारा गडग्यावर बसून खर्चावर बोलतो आहे आणि इकडे ह्याच्या घरात हे. आणि कॅमेरा लागला की सगळं गाव साखर घ्यायला जाणार.

हे हातपाय धुवायला मागे गेले तेव्हा मी दाजींच्या जवळ गेले. "दाजी, घराकडे जरा लक्ष असांदे."

"लक्ष आसा," दाजी म्हणाले. "म्हणान तर हंय बसतंय."

माझ्या हातातल्या वाटीकडे त्यांनी बघितलं. खतखत्याला हात लागलेला नाही हे त्यांना दिसलं असणार.

"बघून इल्यात?"

मी मान हलवली.

"इनास बरो पोरगो आसा," ते म्हणाले. "पण बरो की वायट ता मी ठरवूचा नाय. ती ठरवतली. मी घरात असलंय तर काय होता, तो ओसरीयेर बसता, ती चुलीकडे, आणि मधी मी. माझ्या वांगडा तो पावसापाण्यार बोलता आणि जाता. आणि ती येवन माका इचारता, बाबा, चाय देव काय तेका? सुनेन सासऱ्याक इचारूक व्हया अशी ही गोष्ट आसा काय? म्हणान मी भायर पडतंय. माका फिराक आवाडता असा सांगलंय तिका."

"तुमका आवाडता?"

"माझे गुडघे दुखतत," दाजी म्हणाले.

पदर उगाच नीट करत होते इतके दिवस, तो सोडला.

"अजून तेंचा ठरला नाय," दाजी म्हणाले. "ठरवूक येळ लागता. आणि ठरवच्या आदी गावान बघला, तर मोडतला. तिचे भाव धामापूरसून येतीत, तिका घेवन जातीत, आणि थंय मागच्या खोलयेत आयुष्य काढूक लावतीत. तिका मोकळेपणान हो म्हणाक येवक व्हया, वयनी. नाय म्हणाक पण."

तेवढ्यात हे पाय पुसत आले. आम्ही दोघं एकदम गप्प झालो. ह्यांनी आधी दाजींकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्या दिवसापासून नारळांचा विषय सोडून दिला. मला म्हणाले, "काय कुजबुजत होतास?" मी म्हटलं, "खर्चाचा." पटलं नाही त्यांना.

ग्रामसभा ठरली. शाळेचं छप्पर काढलेलं, म्हणून सभा देवळाच्या मंडपात. ग्रामसेवक नवा, घाटावरचा, महिनाभरापूर्वी आलेला. शुद्ध बोलायचा आणि जे कानावर पडेल ते लिहून घ्यायचा. भाईने कॅमेऱ्याचा विषय मांडला. सगळ्यांच्या माना हलल्या. दाजी उभे राहिले.

"पैसो कोणाचो?"

सगळा मंडप हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "दाजी, तू खंयचो ता आदी सांग!" दुसरा म्हणाला, "चोराक कॅमेरो नकोच असतलो!" मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे खाली बघत होते. म्हणजे पारावर हे कुणी पसरवलं ते मला कळलं.

दाजी म्हणाले, "आणि दुसऱ्याच्या दारात बघून तुमचा काय..." पण पुढचं कुणी ऐकेना. दोन्ही पक्षांची माणसं आयुष्यात पहिल्यांदा एका सुरात ओरडत होती. मला खरं माहीत होतं आणि मी तोंड उघडू शकत नव्हते, कारण उघडलं असतं तर कॅमेऱ्याने करायचं काम मीच केलं असतं.

मग दाजी वळले. गाभाऱ्याकडे तोंड केलं, हात जोडले, आणि मोठ्याने म्हणाले, "बा देवा म्हाराजा!"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण मोठ्याने देवाला सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला म्हणतात, 'होय म्हाराजा'. हे आम्ही शिकत नाही, दुधातून येतं. झोपेतल्या माणसाच्या कानाशी गाऱ्हाणं घातलं तरी तो होय म्हणून कूस बदलेल. तर दाजी म्हणाले, "बा देवा म्हाराजा!" आणि मंडपातली हसणारी, ओरडणारी सगळी माणसं एका दमात म्हणाली,

"होय म्हाराजा!"

"आजपर्यंत ह्या गावची राखण तू केलंस!"

"होय म्हाराजा!"

"तुझ्या नजरेचा कधी लाइटबिल इला नाय!"

"होय म्हाराजा!"

"जो कोण दुसऱ्याच्या दारात मान वाकडी करून बघता, तेची मान सरळ कर!"

"होय म्हाराजा!" ह्यात सगळ्यात मोठा आवाज आमच्या ह्यांचा.

"ह्या कॅमेऱ्यांचो खर्च लेकराबाळांच्या माथ्यार घालू नको! हे कॅमेरे गावात येवक देव नको!"

"होय म्हाराजा!" भाईसुद्धा म्हणाला. हात जोडून म्हणाला.

ग्रामसेवकाने पेन टेकवलं आणि मोठ्याने वाचलं, "कॅमेऱ्यांचा ठराव सर्वानुमते नामंजूर."

भाई ताडकन उठला. "अहो, काय लिहिताय? ते गाऱ्हाणं होतं!"

"सगळे हो म्हणाले ना साहेब," ग्रामसेवक म्हणाला. "तुम्हीपण म्हणालात. मी तुमच्याकडेच बघत होतो."

"पुन्हा घ्या. हात वर करून घ्या!"

पण हात कोण वर करणार? आत्ताच देवासमोर होय म्हटलेलं. जो तो दुसऱ्याच्या हाताकडे बघत होता. शेवटी भाईची आईच बायकांतून उठली. "भाई, खाली बस. देवळात होय म्हटलेला पुसाक येता काय मेल्या?"

भाई बसला. मी घरी जाताना दाजींना गाठलं. "मुद्दाम केल्यात मां?" ते म्हणाले, "नाय गो वयनी. कोण ऐकना, म्हणान देवाक सांगूक गेलंय. हे सगळे मधी बोलले." तेव्हाही मला पटलं नाही, अजून पटत नाही. नारळ वांदर नेत होते, हे पुढच्याच पंधरवड्यात ह्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

शिमग्यानंतर शुभाने हो म्हटलं. धामापूरचे भाऊ आले, अंगणात उभे राहून ओरडले, आमची अब्रू गेली. दाजी म्हणाले, "तुमची अब्रू तुमी सांभाळा. तेका शुभा कित्याक व्हयी?" लग्न सरकारी ऑफिसात झालं, दोन हारांत. जेवण नाही, वाजंत्री नाही. गाव आठवडाभर त्या न मिळालेल्या जेवणावर बोलत होतं, त्या नादात बाकीचं बोलायचं राहून गेलं. मला वाटतं दाजींनी तेही... पण जाऊ दे.

शुभा वेंगुर्ल्याला गेली. जाताना रडली, चला म्हणाली, बाबा तुम्हीही चला. दाजी म्हणाले, "माका हंय कामां आसत."

आणि मग दाजी सकाळच्या एसटीने कुठेतरी जायला लागले. सकाळी जायचे, दुपारी परत. ह्यांनी कंडक्टरला विचारलं. मला येऊन म्हणाले, "वेंगुर्ल्याक जाता गो! थंय ऑफिस आसा पक्षाचा. शेवटी गेलो बघ ह्यो खंयतरी!"

एका दुपारी दाजी गाडीतून उतरून येताना मला भेटले. उन्हाने तोंड लाल झालेलं. मी बेड्यापाशीच थांबवलं.

"शुभाकडे गेल्लात?"

"गेल्लंय."

"कशी आसा?"

"बरी असतली. दोरीयेर कपडे वाळत होते. इनासाची गाडी दारात होती. आतसून फोडणीचो वास येय होतो, लसणीचो. तिका लसूण जास्त लागता."

"म्हणजे? घरात गेल्यात नाय?"

"बोलवल्याशिवाय कोणाच्या घरात कसो जाव?"

"अहो, सून ती तुमची! फोन करून सांगूचा, येतंय म्हणान."

"सांगला तर तिका बोलवूक लागतला," दाजी म्हणाले. "मग ता बोलवणा कसला?"

"मग एवढ्या उनात काय करतास थंय?"

"समोर पिंपळ आसा. तेच्या बुडाक बसतंय घटकाभर." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, उजेडाकडे धरून बघितला, पुन्हा पुसला. "आज ती भायर इली होती, कपडे काढूक."

"आणि?"

"पाठमोरी होती."

"दाजी, हाक तरी मारूची!"

दाजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"हाक तोंडार इली होती, वयनी," म्हणाले.